निळी काच नको, डोळ्यांची तपासणी हवी

आज चष्म्याच्या दुकानात गेले की नंबर किती आणि फ्रेम कोणती, या दोन प्रश्नांनंतर तिसरा प्रश्न हमखास येतो. ‘ब्लू कट काच टाकायची ना?’ गिऱ्हाईक घुटमळले की दुकानदार समजावून सांगतो. मोबाईल आणि संगणकाच्या पडद्यातून निळा प्रकाश निघतो, तो डोळे खराब करतो, डोके दुखवतो, झोप उडवतो. ही काच तो प्रकाश अडवते. डोळ्यांचा प्रश्न असल्यामुळे कुणी घासाघीस करीत नाही. काही शे, कधी हजारावर रुपये जास्तीचे मोजून माणूस घरी येतो आणि आता आपले डोळे सुरक्षित झाले, अशा समजुतीत पुन्हा आठ-दहा तास पडद्यासमोर बसतो.

हे जास्तीचे पैसे कोण मोजतो, याचाही विचार केला पाहिजे. वस्त्यांतून शिकून बाहेर पडलेली आपली पिढी आज मोठ्या संख्येने पडद्यासमोर पोट भरते आहे. ऐरोली, मालाड, हिंजवडीच्या कंपन्यांत रात्रपाळी करणारी मुले, सेतू केंद्रात दाखले काढून देणारा ऑपरेटर, कंत्राटी पद्धतीने डेटा एन्ट्री करणारी मुलगी, वर्तमानपत्राची पाने लावणारा डीटीपी ऑपरेटर, पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकेत बसून मोबाईलवरच स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी. यांच्या बापजाद्यांची पाठ कामाने मोडली, यांचे डोळे कामाने शिणत आहेत. संध्याकाळी डोळ्यांची आग होणे, पाणी येणे, अक्षरे धूसर दिसणे, कपाळ ठणकणे हे दुखणे खरे आहे. त्याला कुणी नाटक म्हणू नये. प्रश्न एवढाच आहे की, या खऱ्या दुखण्यावर जे औषध विकले जात आहे, ते खरे आहे काय?

मुळात निळा प्रकाश म्हणजे काय, हे समजून घेऊ. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशात साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा जो भाग असतो, तो निळा-जांभळा प्रकाश. त्याचा सर्वांत मोठा उगम म्हणजे सूर्य. निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरातला पांढरा एलईडी दिवा म्हणजे बहुधा निळा एलईडी आणि त्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर. पडद्यांमागेही असेच दिवे असतात. तेव्हा पडद्यातून निळा प्रकाश निघतो, हे विधान खोटे नाही. पण अर्धे सत्य सांगून माल खपवणे ही बाजाराची जुनी रीत आहे. उरलेले अर्धे सत्य असे की, दिवसाच्या नैसर्गिक उजेडातून डोळ्यांत जो निळा प्रकाश जातो, त्याच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतकाच प्रकाश संगणकासारख्या कृत्रिम साधनांतून येतो. शेतात राबणारी बाई आणि नाक्यावर उभा असलेला मजूर दिवसभरात जेवढा निळा प्रकाश डोळ्यांवर घेतात, त्यापुढे ऑफिसातल्या पडद्याचा प्रकाश काहीच नाही. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळे जात असते, तर उन्हात काम करणाऱ्यांचे काय झाले असते?

मग ही भीती आली कुठून? प्रखर प्रकाशाने डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला इजा होऊ शकते, हे १९६६ साली उंदरांवरील प्रयोगात दिसले. पुढे माकडांवरही तसे प्रयोग झाले. परंतु त्या प्रयोगांतील प्रकाश आणि मोबाईलचा प्रकाश यांची तुलनाच होऊ शकत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाचे प्रयोगशाळेतील एक संशोधन प्रसिद्ध झाले आणि ‘मोबाईलमुळे अंधत्व’ अशा अर्थाच्या बातम्या जगभर छापल्या गेल्या. त्या प्रयोगातील पेशी माणसाच्या दृष्टिपटलातून घेतलेल्या नव्हत्या आणि डोळ्यावर प्रकाश नैसर्गिकरीत्या पडतो तशी तेथील स्थितीही नव्हती. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीला तेव्हा खुलासा करावा लागला की, पडद्यांमुळे आंधळेपणा येतो असे यातून सिद्ध होत नाही. पण खुलासा कोण वाचतो? बातमी घरोघर गेली आणि तिच्या मागोमाग काच गेली.

दुकानात एक प्रात्यक्षिकही दाखवतात. दुकानदार लेसरचा छोटा पेन घेतो. साध्या काचेतून त्याचा जांभळट ठिपका आरपार कार्डावर पडतो आणि कार्डावर डाग उमटतो. ‘ब्लू कट’ काच मध्ये धरली की ठिपका नाहीसा होतो. गिऱ्हाईक थक्क होते. यातली मेख अशी की, असे पेन साधारण ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश देतात आणि पडद्यांतल्या निळ्या प्रकाशाचा जोर ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो. जी काच पहिला प्रकाश पूर्ण अडवते, तीच दुसरा बहुतांशी आत सोडते. बाजारातील अशा काचा एकूण निळ्या प्रकाशाचा साधारण १० ते २५ टक्के भागच गाळतात. त्याहून जास्त गाळायचा तर काच उघडउघड पिवळी-नारिंगी करावी लागेल आणि मग रंगही नीट दिसणार नाहीत. म्हणजे जे पेनाने दाखवले जाते, ते खरेच घडते; पण ज्यासाठी पैसे घेतले जातात, ते त्यातून सिद्ध होत नाही. डोळ्यांच्या दुकानातच डोळ्यांत धूळ फेकली जाते ती अशी.

आता पुराव्याकडे वळू. वैद्यकीय उपचारांच्या चाचण्या गोळा करून त्यांची कसोशीने छाननी करणारी कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिने या काचांवरील आढावा प्रसिद्ध केला. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांच्या नेतृत्वाखाली ६ देशांतील १७ चाचण्या तपासल्या गेल्या. निष्कर्ष असा निघाला की, संगणकावर काम करताना येणारा डोळ्यांचा थकवा साध्या काचेच्या तुलनेत या काचेने कमी होतो, असे थोड्या काळापुरते तरी दिसत नाही. झोपेबाबतचे निष्कर्ष परस्परांशी जुळणारे नाहीत. आणि दृष्टिपटलाचे रक्षण होते काय, या प्रश्नाचा अभ्यास करणारी एकही चाचणी त्यांना सापडली नाही. म्हणजे ज्या भीतीवर हा धंदा सर्वांत जास्त उभा आहे, तिथे पुराव्याची पाटी कोरी आहे.

या आढाव्यालाही मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. चाचण्या लहान होत्या. एकेका चाचणीत ५ पासून १५६ पर्यंत माणसे होती आणि कालावधी एका दिवसाहून कमी ते पाच आठवडे इतकाच होता. त्यामुळे या काचेचा कधीच, कुणालाच उपयोग होणार नाही, असे छातीठोकपणे कुणी म्हणू नये. परंतु उपयोग होतो हे दाखवण्याची जबाबदारी माल विकणाऱ्याची असते. ‘उपयोग होत नाही, हे तुम्ही सिद्ध करा’ असे गिऱ्हाईकाला सांगणे म्हणजे उलटा न्याय झाला.

यावर अनेकजण म्हणतील, ‘तुमचे संशोधन राहू द्या, मला तर फरक पडला.’ त्यांचा अनुभव खोटा नाही, त्यांनी काढलेले कारण चुकीचे असू शकते. नवा चष्मा करताना नंबर नव्याने तपासला जातो. दोन वर्षे जुन्या नंबरावर काम करणाऱ्याला बरोबर नंबर मिळाला की डोके दुखायचे थांबते; श्रेय मात्र निळ्या काचेला जाते. हे वेगळे करून पाहण्यासाठीच चाचणी लागते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका चाचणीत पडद्यामुळे डोळे शिणतात अशी तक्रार असलेली १२० माणसे घेतली. काहींना निळा प्रकाश गाळणारी आणि काहींना साधी काच दिली. कुणाला कोणती मिळाली हे त्यांना कळू दिले नाही. काचेची तारीफही काहींपुढे केली, काहींपुढे केली नाही. सर्वांनी दोन तास संगणकावर काम केले. थकव्यात फरक आढळला नाही. काचेनेही नाही आणि तारिफेनेही नाही.

ब्रिटनमध्ये हे प्रकरण दंडापर्यंत गेले. बूट्स ऑप्टिशियन्स या तेथील मोठ्या दुकानसाखळीने २०१५ साली अशा काचांची जाहिरात करताना पडद्यांच्या निळ्या प्रकाशाने दृष्टिपटलाचे नुकसान होते, असे सुचवले होते. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने ती दिशाभूल करणारी ठरवली आणि २०१७ मध्ये तेथील चष्मा व्यवसायाच्या नियामक परिषदेने कंपनीला ४० हजार पौंडांचा दंड केला. आपल्याकडेही कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. कायदा पुस्तकात असून भागत नाही, त्याला हलवणारा ग्राहक लागतो.

मग डोळे शिणतात ते कशाने? कारणे साधी आहेत, म्हणूनच त्यांची जाहिरात होत नाही. पहिले कारण पापणी. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. पापणी मिटली नाही की डोळ्यावरचा ओलावा सुकतो आणि आग होते. त्यात एसीचा किंवा पंख्याचा झोत थेट तोंडावर असेल तर विचारूच नका. दुसरे कारण म्हणजे तासन् तास एकाच, जवळच्या अंतरावर नजर खिळून राहणे. तिसरे, चुकीचा किंवा कधीच न काढलेला नंबर. चौथे, पडद्यावर पडणारी खिडकीची वा दिव्याची चमक, बारीक अक्षरे आणि मानेला ताण देणारी बैठक. यावरचे उपाय जवळजवळ फुकट आहेत. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावे, असे सांगतात. वीस हा आकडा लक्षात राहावा म्हणून आहे, मूळ गोष्ट नजर मोकळी करण्याची आहे. पडदा हातभर अंतरावर, नजरेच्या थोडा खाली ठेवावा. अक्षरे मोठी करावीत. आठवण ठेवून पापण्या मिटाव्यात. आणि डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. त्यात स्टिरॉइड असेल आणि ते दीर्घकाळ वापरले, तर काचबिंदू होऊ शकतो.

झोपेचा मुद्दा थोडा वेगळा आहे. रात्रीचा प्रकाश, विशेषतः निळा, शरीराच्या घड्याळावर परिणाम करतो, याला आधार आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर वाचन करणाऱ्या १२ जणांना कागदी पुस्तक वाचताना लागे त्यापेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली. परिणाम आहे, पण तो दहा मिनिटांचा आहे. आपल्या मुलांची झोप दोन-दोन तास उडते ती काचेतून येणाऱ्या प्रकाशाने नव्हे, हातातून न सुटणाऱ्या मोबाईलने, परीक्षेच्या चिंतेने आणि रात्रपाळीने. काचेने यातले काय सुटणार? झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल बाजूला ठेवायला पैसा लागत नाही.

खरा तोटा गेलेल्या पैशांपेक्षा मोठा आहे. निळ्या काचेमुळे आपण डोळ्यांसाठी काहीतरी केले असे समाधान मिळते आणि जे करायला हवे ते राहून जाते. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते. आपल्या भाषेने त्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हटले, इतके ते सर्वांच्या वाट्याला येणारे आहे. तरीही शिवणकाम करणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या कितीतरी बाया नजर गेली म्हणून काम सोडतात. आसामच्या चहामळ्यांत ४० वर्षांवरील ७५१ कामगारांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना जवळचे पाहण्याचा साधा, स्वस्त चष्मा दिला. चष्मा नसलेल्यांच्या तुलनेत त्यांची चहापत्तीची खुडणी सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. २०२४ मध्ये बांगलादेशातील अशाच अभ्यासात चष्मा मिळालेल्या कष्टकऱ्यांचे उत्पन्न तिसऱ्या हिश्शाने जास्त झाले. त्या काचेला कुठलेही निळे कोटिंग नव्हते. जिचा फायदा मोजून सिद्ध झाला ती साधी काच गरिबाला मिळत नाही, आणि जिचा फायदा सिद्ध झाला नाही ती त्याला आग्रहाने विकली जाते. या व्यवहाराला काय म्हणावे?

मुलांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली. पालकांनी कर्ज काढून मोबाईल घेतले आणि डोळ्यांच्या काळजीने काहींनी बिननंबरी निळ्या काचेचे चष्मेही मुलांना लावले. पण ज्या मुलाला खरोखर नंबर आहे, त्याला बिननंबरी चष्मा लावल्याने फळा दिसत नाही. तो मागे पडतो. मास्तर त्याला ढ म्हणतात, घरचे आळशी म्हणतात आणि हळूहळू तोही ते मान्य करतो. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाला इतर अडथळे कमी नसतात, त्यात न काढलेल्या नंबरची भर नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या दृष्टीची तपासणी समाविष्ट आहे. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्म्याची तरतूद आहे. आपल्या शाळेत तपासणीचे पथक केव्हा आले, किती मुलांना नंबर निघाला आणि किती जणांच्या हातात चष्मा पडला, हे तीन प्रश्न मुख्याध्यापकांना विचारण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. आणि मुलांना रोज उजेडात, मोकळ्या मैदानात खेळू द्यावे. जवळच्या दृष्टीचा दोष जडण्यापासून त्यांना जपण्यासाठी निळ्या काचेपेक्षा मैदानाचा आधार अधिक भक्कम आहे.

शेवटी नोकरीचा प्रश्न. पडद्यामुळे होणारा त्रास हा कामातून येणारा त्रास आहे, तर त्याचा खर्च कामगाराने एकट्याने का सोसावा? युरोपात १९९० सालच्या निर्देशानुसार पडद्यासमोर काम करणाऱ्याला डोळ्यांच्या तपासणीचा हक्क आहे. कामासाठी खास चष्मा लागला, तर त्याचा भार कामगारावर टाकता येत नाही आणि कामाच्या मध्ये विश्रांतीची किंवा कामबदलाची सोय मालकाने करायची असते. तिथे निळी काच मागितली नाही. तपासणी, चष्मा आणि विश्रांती मागितली. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांवरील इतर वाद आपल्या जागी आहेत. पण कामगारांच्या आरोग्य तपासणीची चर्चा होईल तेव्हा दूरच्या आणि जवळच्या नजरेची तपासणी त्यात असलीच पाहिजे, ही मागणी पडद्यावर काम करणाऱ्यांच्या संघटनांनी आतापासून लावून धरावी. कंत्राटी ऑपरेटर आणि कॉल सेंटरमधील मुलेही त्यात आली पाहिजेत. तासाला पाच मिनिटे नजर वर करण्याची मुभा नसेल, तर महागातली महाग काचही त्या डोळ्यांना वाचवू शकणार नाही.

ज्यांनी हा चष्मा आधीच घेतला आहे, त्यांनी तो फेकून देण्याचे कारण नाही. नंबर बरोबर असेल तर खुशाल वापरावा. पण पुढच्या वेळी दुकानदाराने तिसरा प्रश्न विचारला, तर आपणही एक प्रश्न विचारावा. याने फायदा होतो, याचा पुरावा काय? पेनाचा ठिपका हे त्याचे उत्तर नव्हे. वाचलेल्या पैशांत घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या आईचे, वडिलांचे डोळे तपासून घ्यावेत. मधुमेह असेल तर दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी करावी. अचानक काजवे चमकले, नजरेसमोर पडदा आला किंवा डोळा दुखून लाल झाला, तर दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. वस्तीत, विहारात, मंडळात शिबिर घ्यायचे असेल तर नेत्रतपासणीचे घ्यावे आणि नंबर निघालेल्या प्रत्येकाच्या हातात चष्मा पडेपर्यंत ते संपले असे समजू नये.